सायलेन्सरचा धंदा आणि खरे माप

गेल्या उन्हाळ्यात पैठणला एका वेल्डिंगच्या दुकानात बसलो होतो. दुकान जुने आहे. मिस्त्री साठीच्या पुढचे आहेत. ट्रॅक्टरचे सायलेन्सर, उसाच्या ट्रॉल्या, लोखंडी दरवाजे, विहिरीवरच्या पंपाचे पाइप असे काम त्यांनी आयुष्यभर केले. दुपारी एक तरुण जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घेऊन आला. गाडी त्याने दुसऱ्याकडून विकत घेतलेली. त्याने मोबाईलवर एक चित्र दाखवले. इंजिनाच्या चार सिलिंडरमधून निघणाऱ्या चार स्टेनलेस स्टीलच्या नळ्या, सापासारख्या वळणाने एकत्र आलेल्या. यालाच 'हेडर' म्हणतात. "चाचा, असे बसवून द्या. किती हॉर्सपॉवर वाढेल?" असे त्याने विचारले. मिस्त्रींचा मुलगा हातातला ग्राइंडर न ठेवताच म्हणाला, "पंचवीस-तीस तर कुठे गेले नाहीत." मिस्त्री थोडा वेळ गप्प राहिले. मग मुलाला म्हणाले, "बेटा, मोजले कुणी?"

त्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. आपल्या भागात हा नवा धंदा वाढत असताना नेमका हाच प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून हा लेख.

गाड्यांचे शहर, हातांचे गाव

आपला जिल्हा गाड्यांचा जिल्हा आहे. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत २००१ मध्ये स्कोडाने ऑक्टाव्हिया जोडायला सुरुवात केली. पुढे ऑडीच्या गाड्याही तिथेच जोडल्या जाऊ लागल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये शहरातील मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या, ६५ कोटी रुपयांचा तो सौदा देशभर गाजला. एवढ्या महागड्या गाड्या जिथे येतात तिथे त्या जुन्याही होतात. पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जातात आणि शेवटी आपल्या मिस्त्रींच्या दारात उभ्या राहतात.

ऑक्टाव्हिया आरएस ही त्यातली शौकिनांची गाडी. २००४ मध्ये ती भारतात आली तेव्हा तिचे १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन १५० अश्वशक्तीचे होते. युरोपात याच नावाची गाडी त्याच घराण्याच्या इंजिनावर १८० अश्वशक्ती देत होती. या तीस अश्वशक्तीच्या फरकानेच अनेकांच्या डोक्यात ट्यूनिंगचे वेड भरले. २०१७ ची आरएस २३० अश्वशक्तीची होती. २०२० मध्ये २४५ अश्वशक्तीच्या फक्त दोनशे गाड्या आल्या. साधी ऑक्टाव्हिया २०२३ मध्ये भारतात बंद झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये २६५ अश्वशक्तीच्या शंभर आरएस बाहेरून तयार आणून सुमारे पन्नास लाखांना विकल्या गेल्या. नवी गाडी इतकी महाग आणि इतकी दुर्मिळ झाली की जुनीलाच नवीसारखी पळवण्याची इच्छा वाढते. आपल्या कारागिरांना काम मिळते ते इथे.

काम मिळते ही चांगली गोष्ट आहे. पण काय विकतो आहोत हे विकणाऱ्याला माहीत असले पाहिजे.

हेडर काय करतो

इंजिनात जळालेला वायू बाहेर पडताना लाटेसारखा पडतो. चार सिलिंडरच्या इंजिनात बहुधा १-३-४-२ या क्रमाने ठिणगी पडते. कारखान्यातून येणारा बिडाचा मॅनिफोल्ड आखूड असतो, त्याच्या नळ्या कमी-जास्त लांबीच्या असतात. एका सिलिंडरचा वायू दुसऱ्याच्या वाटेत येतो. हेडरमध्ये चारही नळ्या समान लांबीच्या करतात. त्यामुळे एका सिलिंडरचा वेगाने गेलेला वायू मागे थोडी पोकळी सोडतो आणि पुढच्याचा वायू ओढून घेतो. चार नळ्या थेट एकात मिळवल्या तर फायदा वरच्या आरपीएमला होतो. आधी १ व ४ आणि २ व ३ अशा जोड्या करून मग त्या एकात मिळवल्या तर मधल्या आरपीएमला होतो. शहरात आणि हायवेवर चालणाऱ्या गाडीला दुसरी पद्धत अधिक उपयोगी.

आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे की इंजिनाला "थोडे बॅकप्रेशर लागतेच". हा समज अर्धाच खरा आहे. इंजिनाला अडथळा नको असतो, वायूचा वेग हवा असतो. नळी गरजेपेक्षा जाड घेतली की वायू मंदावतो आणि खालच्या आरपीएमला गाडी मेल्यासारखी वाटते. लोक म्हणतात बॅकप्रेशर गेले. खरे तर वेग गेला. म्हणून "जेवढा मोठा पाइप तेवढी ताकद" हे दुकानातले वाक्य आता सोडून द्यावे.

आता फायदा किती? टर्बो नसलेल्या, कारखान्याच्या कॅमशाफ्टवर चालणाऱ्या आजच्या इंजिनात नुसत्या हेडरने मिळणारी वाढ बहुधा शंभराला दोन-चार एवढीच असते. शंभर अश्वशक्तीच्या गाडीत ती ड्रायव्हरला जाणवेलच असे नाही. आवाज मात्र जाणवतो. सगळा घोळ इथेच होतो. कानाला मोठा आवाज लागला की मनाला वेग वाढल्यासारखा वाटतो, आणि गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देऊन जातो.

टर्बोची गोष्ट वेगळी

ऑक्टाव्हिया आरएससारख्या टर्बो गाडीत तर हिशोबच वेगळा आहे. तिथे मॅनिफोल्डला थेट टर्बो लटकलेला असतो. टर्बोचे चाक फिरते ते गरम वायूच्या जोरावर. बिडाचा मॅनिफोल्ड ही उष्णता धरून ठेवतो आणि टर्बोचे वजनही पेलतो. त्याजागी पातळ नळ्यांचा हेडर लावला तर उष्णता बॉनेटखाली पसरते, आणि टर्बोच्या वजनाने वेल्डिंगला तडा जातो.

टर्बोच्या पुढचा पाइप, ज्याला डाउनपाइप म्हणतात, तो मोकळा केला तर फरक पडतो हे खरे. पण कारखान्याने त्याच वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो. तो काढल्याशिवाय मोठा फरक पडत नाही, आणि तो काढणे कायद्यात बसत नाही. याविषयी पुढे.

टर्बो गाडीत खरी वाढ होते ती संगणकाच्या ट्यूनिंगमधून, म्हणजे ईसीयूच्या रीमॅपमधून. टर्बो किती दाब देणार, पेट्रोल किती पडणार, ठिणगी कधी पडणार, हे सर्व ईसीयू ठरवतो. जुन्या १५० अश्वशक्तीच्या १.८ टर्बोतून रीमॅपने १८०-१९० मिळतात असे ट्यूनर सांगतात आणि हे अशक्य नाही, कारण युरोपात तो आकडा कारखान्यानेच दिला होता. मात्र तिथे त्याला जोडून इतर भागही वेगळे होते हे विसरू नये.

कारखाना ही ताकद आपल्याला का देत नाही? कंजूषपणाने नव्हे. त्याला गाडी जैसलमेरच्या उन्हात, भेसळीच्या पेट्रोलवर, पाच माणसे बसवून, वर्षानुवर्षे चालवायची असते आणि वॉरंटीही द्यायची असते. एक उदाहरण पुरे. १.८ टीएसआयची ऑक्टाव्हिया भारतात १८० अश्वशक्ती आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क घेऊन आली. तिच्या सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजी गिअरबॉक्सची मर्यादाही २५० न्यूटन मीटरच आहे. म्हणजे इंजिन जास्त देऊ शकले तरी गिअरबॉक्स ते घेऊ शकत नाही. रीमॅप करून देणारा दोन तासांत पैसे घेऊन मोकळा होतो. गिअरबॉक्सचे बिल वर्षभराने मालकाच्या हातात पडते, आणि तो शिव्या शेवटी ज्याने गाडी उघडली त्या मिस्त्रीला देतो.

आता पेट्रोलही बदलले आहे. देशभर पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलला जळायला हवेच्या मानाने जास्त इंधन लागते. त्याचा ऑक्टेन चांगला, पण जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि पंप त्यासाठी बनलेले नाहीत. २००४ च्या गाडीवर दाब वाढवण्याआधी या गोष्टी तपासल्याच पाहिजेत.

मोजले कुणी?

मिस्त्रींच्या प्रश्नाकडे परत येऊ. अश्वशक्ती डायनोवर मोजतात. गाडीची चाके रोलरवर ठेवतात आणि रोलर किती जोराने फिरला त्यावरून हिशोब करतात. यातही फसगत आहे. चाकावर मिळणारी शक्ती इंजिनाच्या शक्तीपेक्षा कमी असते, कारण गिअर आणि टायर काही खातात. आधीचा आकडा चाकाचा आणि नंतरचा आकडा इंजिनाचा सांगितला तर पाइप न बदलताही वीस अश्वशक्ती "वाढते".

दुसरी फसगत हवेची. हवा गरम झाली की विरळ होते. दहा अंशांना साधारण तीन टक्के. आपल्याकडे जानेवारीच्या सकाळी बारा अंश असतात आणि मेच्या दुपारी बेचाळीस. म्हणजे या दोन वेळांच्या हवेत जवळजवळ दहा टक्क्यांचा फरक. मे महिन्यात गाडी मोजली, पाइप बसवला आणि थंडीत पुन्हा मोजली, तर हेडरपेक्षा जास्त "फायदा" ऋतूनेच दिलेला असतो. डायनोचा संगणक ही दुरुस्ती करतो, पण त्यात तापमान चुकीचे भरले तर आकडाही चुकीचाच येतो.

म्हणून नियम सोपा ठेवावा. एकच डायनो, एकच दिवस, तेच पेट्रोल, तेच टायर, आधी तीनदा आणि नंतर तीनदा. दोन्ही कागद गिऱ्हाईकाच्या हातात. डायनो नसेल तर आकडा सांगू नये. "पाइप चांगला बनवून देतो, वेल्डिंगची खात्री माझी, ताकद किती वाढेल ते मोजल्याशिवाय सांगत नाही," एवढे म्हणायला जीभ जड होण्याचे कारण नाही.

किराणा दुकानदाराने किलोला नऊशे ग्रॅम दिले तर आपण त्याला काय म्हणतो? मापात घट करणाऱ्यांच्या नावाने कुरआनमध्ये एक आख्खी सूरह आहे, हे आपल्यातल्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. तराजू लोखंडाचा असो की अश्वशक्तीचा, माप ते माप. पाच देऊन पंचवीस सांगणे ही घटच आहे.

कायद्याचे ओझे कोणावर

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत मालकाला मनाला येईल तसा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केले. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी पाच हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गाडी विकणाऱ्या डीलरनेच नियमबाह्य बदल करून दिला तर गाडीमागे एक लाखाचा दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद आहे. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने लायसन्सही जाते. बुलेटचे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरवल्याची चित्रे सर्वांनी पाहिली आहेत. त्या चिरडलेल्या नळ्यांमध्ये कोणत्या ना कोणत्या कारागिराचे दोन दिवस होते.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा मुद्दा याहून गंभीर आहे. चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असे मौल्यवान धातू असतात, म्हणून भंगारात त्याला भाव येतो आणि तो काढण्याचा मोह होतो. पण तो काढला की कार्बन मोनॉक्साइड सरळ बाहेर पडतो. हा वायू दिसत नाही, वासही येत नाही. बंद गॅरेजमध्ये दिवसभर गाडी चालू ठेवून काम करणाऱ्या आपल्या पोरांच्या फुप्फुसात तो सर्वांत आधी जातो. एवढा एक विचार केला तरी कन्व्हर्टर कापायला हात उचलू नये.

आवाजाचेही तसेच. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. आपली दुकाने आणि घरे दाट वस्तीत आहेत. तिथे आजारी माणसे असतात, परीक्षेला बसलेली मुले असतात. रात्री अकराला फटाके फोडत जाणाऱ्या गाडीला शेजारी जे म्हणतो, ते गाडी बनवून देणाऱ्याच्या वाट्यालाही येते.

विम्याचीही बाब आहे. बदल कंपनीला कळवला नसेल तर अपघातानंतर दावा अडतो. गिऱ्हाईकाला हे आधी सांगणे आपले काम आहे.

"मी नाही केले तर शेजारचा करेल"

हा युक्तिवाद मी अनेक दुकानांत ऐकला आहे. पोट सर्वांना आहे, भाडे सर्वांना आहे, हे मान्य. पण ज्या हाताला समान लांबीच्या चार नळ्या वळवून एका बिंदूत आणता येतात, त्या हाताला कामाची कमतरता का असावी, हा माझा उलटा प्रश्न आहे.

हे काम सोपे नाही. जुने उस्ताद पाइपमध्ये वाळू ठासून भरत, तापवत आणि मग वाकवत, म्हणजे वळणावर नळी चेपत नसे. आज त्याच कामाला मॅन्ड्रेल बेंडिंगची यंत्रे आहेत. ३०४ जातीचे स्टेनलेस तापले की चांगलेच वाढते. साठ सेंटिमीटरची नळी सातशे अंशांनी तापली तर सात मिलिमीटर लांब होते. ज्याने ही जागा ठेवली नाही त्याचा जोड फुटणारच. टिग वेल्डिंग करताना नळीच्या आतूनही आर्गन सोडला नाही तर आतली बाजू कोळशासारखी काळी पडते आणि तिथूनच तडा सुरू होतो. ज्याला हे कळते तो साधा वेल्डर नाही. दूध संघ, औषध कारखाने, खाद्यतेलाचे प्लांट, जनरेटरचे सायलेन्सर, या सर्वांना हीच टिग वेल्डिंग लागते आणि तिथे कोणी रोडरोलर फिरवत नाही.

गाड्यांच्याच धंद्यात राहायचे असेल तरी वाटा आहेत. गंजलेला मागचा पाइप त्याच मापाचा, त्याच आवाजाचा पण स्टेनलेसमध्ये करून देणे. फुटलेली फ्लेक्स जाळी बदलणे. बिडाच्या मॅनिफोल्डचा तडा नीट तापवून, योग्य रॉडने भरणे. आणि खरोखर स्पर्धेत उतरणाऱ्या, रस्त्यावर न चालणाऱ्या गाड्यांसाठी हेडर बनवणे. चेन्नई आणि कोइम्बतूरला रेसचे ट्रॅक आहेत, राष्ट्रीय रॅली होतात, लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस झाल्या आहेत. हेडर तिथे शोभतो, कारण तिथे घड्याळ असते आणि घड्याळ खोटे बोलत नाही.

माझी सूचना अशी. पैठण आणि शहरातील आठ-दहा गॅरेजवाले आणि वेल्डर यांनी मिळून डायनोचा खर्च उचलण्याचा विचार करावा. एकट्याला तो परवडणार नाही. वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर ही लहान उद्योगांसाठी सामाईक सुविधा उभी आहे. एकत्र येऊन यंत्रे वापरण्याची कल्पना आपल्या जिल्ह्याला नवी नाही. दुसरे, प्रत्येक कामाचे बिल द्यावे आणि त्यावर काय काढले, काय बसवले हे लिहावे. तिसरे, मुलांना वेल्डिंगचे रीतसर प्रमाणपत्र घ्यायला लावावे. हुनर हातात असतो, पण कारखान्याच्या गेटवर कागदच विचारतात.

त्या गाडीचे काय झाले

मिस्त्रींनी हेडर केला नाही. त्यांनी गाडी खड्ड्यावर घेतली. फ्लेक्सची जाळी फाटलेली होती. टर्बोकडून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी पाइपचा क्लॅम्प ढिला होता आणि पाइपला बारीक चीर होती. टर्बो दाब देत होता, तो वाटेतच गळत होता. नवा पाइप आणि क्लॅम्प मागवून दुसऱ्या दिवशी बसवला, फ्लेक्स बदलली, एअर फिल्टर साफ केला. तरुण एक फेरी मारून आला. "चाचा, मला हेच पाहिजे होते," असे म्हणाला.

बिल हेडरच्या मानाने फारच कमी झाले. मुलगा थोडा नाराज दिसला. पण महिन्याभरात त्याच तरुणाने आणखी दोन गाड्या दुकानात पाठवल्या, हे मिस्त्रींनी मला नंतर सांगितले. किती अश्वशक्ती वाढली असेल, असे मी विचारले. ते म्हणाले, "मोजली नाही. कंपनीने जेवढी दिली होती, तेवढी परत मिळाली असेल."